एक हजार एकावा बगळा

मराठी बालपुस्तकांचे प्रकाशक आणि संपादक यांस,



तुमच्यापैकी तिघांच्या कपाटात माझं एक हस्तलिखित पडून असेल, नाहीतर एव्हाना रद्दीत गेलं असेल. मुलांसाठी लिहिलेली साठ-पासष्ट पानांची लांब गोष्ट. नऊ वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग, मुंबईतली धर्मशाळा. तिघांनीही ती वाचली होती, हे त्यांच्या उत्तरांवरून कळलं. त्याबद्दल मी खरंच आभारी आहे. न उघडलेलं पाकीट साभार परत येण्याची मला सवय आहे. एकांनी दोन ओळींत कळवलं की मुलं घाबरतील. दुसऱ्यांनी फोन केला आणि फार मायेनं म्हणाले, "ताई, पुस्तक वाचतात मुलं, पण विकत घेतात पालक. हे वाढदिवसाला कोण कोणाला देणार?" तिसऱ्यांनी सविस्तर लिहिलं. भाषा आवडली, धर्मशाळेचं वर्णन आवडलं. फक्त मुलाची हिंमत थोडी वाढवावी, तो कुठे हसतच नाही. आणि त्याला स्वतःच्या आजाराबद्दल एवढं सगळं माहीत असणं पटत नाही, तेवढं कमी करावं.

पहिल्या दोघांशी माझं भांडण नाही. पुस्तक छापायला पैसे लागतात आणि ते माझ्या खिशातून जात नाहीत. हे पत्र त्या तिसऱ्या उत्तराला आहे. ते एकट्याचं मत असतं तर मी त्यांनाच लिहिलं असतं.

दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी एका धर्मशाळेत गोष्टी वाचायला जाते. दादर-परळच्या पट्ट्यात अशा जागा आहेत, जिथे गावाकडून आलेली कुटुंबं मुलाच्या उपचारासाठी महिनोन्‌महिने राहतात. बुलढाणा, नांदेड, गडहिंग्लज, कुठून कुठून. एका खोलीत चार स्टोव्ह, चार डबे, चार फायली. मुलं मास्क लावून सतरंजीवर येऊन बसतात. कोणाच्या टाळूवर नुकते मऊ केस उगवलेले असतात, कोणाच्या छातीवर बनियनच्या आत औषधासाठी बसवलेल्या पोर्टचा उंचवटा दिसतो. गोष्ट सुरू व्हायच्या आधी त्यांचं आपसात एक बोलणं होतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं क्रिकेट चाललंय.

"तुझे किती?"

"बावीसशे."

"माझे चारशे. परवा नव्वद होते."

"नव्वदवर तर तू आऊट."

हे काउंट. पांढऱ्या पेशींचा हिशेब. केमो झाली की ते पडतात, पडले की ताप येतो, ताप आला की पुन्हा भरती. सात-आठ वर्षांचं पोर, ज्याला अजून हातच्याची वजाबाकी नीट येत नाही, ते रक्ततपासणीचा, सीबीसीचा कागद आईच्या हातातून घेऊन कुठल्या ओळीत बोट ठेवायचं हे बरोबर जाणतं. कुठलं औषध पिवळं आणि कुठलं लाल, लालनं लघवी लाल होते पण घाबरायचं नाही, पाठीत सुई देताना गुडघे पोटाशी घेऊन कुठवर वाकायचं, हे सगळं नवीन आलेल्या मुलाला जुनी मुलं शिकवतात. आमच्या सतरंजीवर ज्ञानाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो, हे ज्ञान आपल्याला आहे असं मोठ्या माणसांसमोर कबूल करायच्या जागेचा.

अशाच एका शनिवारी मी त्यांना सादाकोची गोष्ट सांगितली.

तुम्हाला ती ठाऊक असणारच. कॅनडात जन्मलेल्या एलिनॉर कोअर यांची 'सादाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स' ही छोटी कादंबरी 1977 साली आली आणि तेव्हापासून जगभरच्या शाळांतून वाचली जाते. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. स्फोटाच्या केंद्रापासून तिचं घर दीड-पावणेदोन किलोमीटरवर होतं. तिला त्या दिवशी काही झालं नाही, निदान तसं दिसलं तरी. मोठी होऊन ती वर्गातली वेगानं पळणारी मुलगी झाली, रिले शर्यतीत धावली. मग मानेला गाठी आल्या, पायावर जांभळे डाग उठले, आणि 21 फेब्रुवारी 1955 ला तिला हिरोशिमाच्या रेड क्रॉस रुग्णालयात भरती केलं. रक्ताचा कर्करोग. बॉम्बनंतरच्या वर्षांत तिथे तो वाढला होता, विशेषतः जे तेव्हा लहान होते त्यांच्यात. जपानमध्ये समज आहे की कागदाचे हजार क्रौंच पक्षी घडी घालून केले की मनातली इच्छा पुरी होते. सादाको घड्या घालू लागली. 25 ऑक्टोबरला ती गेली. वय बारा.

गोष्ट सांगताना मी घडी घालूनही दाखवत होते. पक्षी तयार झाला तशी मुलं म्हणाली, "बगळा!" मी क्रौंच म्हणून पाहिलं, करकोचा म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. आमच्याकडे तो बगळाच आहे.

कोअरबाईंच्या कादंबरीत सादाकोचे पक्षी 644 होतात आणि ती मरते. उरलेले 356 तिच्या वर्गातली मुलं करतात, आणि पुरे हजार तिच्यासोबत पुरले जातात. मी इथवर आले आणि थांबले. सतरंजीवर शांतता होती. डोळे पुसावेत की नाही असा विचार करत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग मैत्रिणींनी आधीच का नाही मदत केली?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या एकानं हिशेब मांडला. "रोज किती करायची ती? रोज दहा जास्त केले असते तर झाले असते." तिसरा म्हणाला, "ताप असंल. तापात हात चालत न्हाई." मग त्यांची चर्चा पेटली: दिवसाला किती पक्षी, किती दिवस भरती, सलाईन कोणत्या हाताला होतं. त्यांच्या दृष्टीनं हा गणिताचा प्रश्न होता, आणि गणित चुकल्यामुळे मुलगी गेली होती. मी घरी येताना दादरच्या पुलावर उभी राहून स्वतःला शिव्या दिल्या. आजारी मुलांना मी अशी गोष्ट सांगून आले होते, जिचा मथितार्थ असा निघत होता की ती थोडी कमी पडली.

त्या रात्री मी शोधायला बसले, आणि जे हाती लागलं ते सांगण्यासाठीच हे पत्र इतकं लांबतंय.

सादाको कमी पडलीच नव्हती. तिचे थोरले भाऊ मासाहिरो यांनी अनेकदा सांगितलंय, आणि हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयातली माहितीही तेच सांगते: ऑगस्टमध्ये नागोयाच्या विद्यार्थ्यांकडून रुग्णांसाठी रंगीत पक्षी आले, ते पाहून तिनं सुरुवात केली, आणि महिनाभराच्या आतच तिचे हजार पुरे झाले. औषधांचे कागद, इतर रुग्णांच्या भेटवस्तूंची वेष्टनं, मिळेल तो कागद. हजार झाले. इच्छा काही पुरी झाली नाही. मग तिनं पुढचे करायला घेतले. हे पक्षी लहान होत गेले, इतके की घडीसाठी बोटं पुरेनात, सुईच्या टोकानं कागद दुमडावा लागे. त्यातले काही आजही आहेत; घरच्यांनी न्यूयॉर्कला, पर्ल हार्बरला भेट दिलेत. नखाएवढा पक्षी.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीत मुलगी आशेवर जगते आणि वेळ अपुरा पडतो. दुसरीत मुलगी सांगितलेलं सगळं करते, संख्या पूर्ण भरते, करार तिच्या बाजूनं पाळला जातो, समोरून काही येत नाही, आणि तरी ती दुसऱ्या दिवशी पुढचा कागद घेते. पहिल्या गोष्टीनं डोळ्यांत पाणी येतं. दुसरीनं माझी झोप उडाली. एक हजार एकावा पक्षी तिनं कशासाठी केला असेल? आशा असती तर ती हजारालाच पुरी व्हायला हवी होती. सवय म्हणून? हात रिकामे नकोत म्हणून? की आई भेटायला आल्यावर काहीतरी चाललेलं दिसावं म्हणून? ठाऊक नाही. पण मला कोणी विचारलं की कादंबरी कुठून सुरू व्हायला हवी होती, तर मी म्हणेन, त्या एक हजार एकाव्यापासून.

गंमत अशी की सादाकोला हजाराच्या अलीकडेच थांबवणाऱ्या कोअरबाई एकट्या नाहीत. ऑस्ट्रियाचे कार्ल ब्रुकनर यांनी 1961 साली तिच्यावर कादंबरी लिहिली. तिथे ती 990 वर जाते. दोन देश, दोन भाषा, दोन लेखक. मोठ्या माणसांना ती संख्या अपुरीच हवी असते. अपुरी राहिली की दुःख सोपं होतं, 'अजून थोडा वेळ मिळाला असता तर' असं म्हणून सुस्कारा टाकता येतो. पुरी झाली की प्रश्न उरतो, आणि तो मुलानं विचारला तर आपल्याकडे उत्तर नसतं. मुळात हिरोशिमात स्वतः लहानपणी बॉम्ब अनुभवलेले मासामोतो नासु, जे जपानी मुलांचे अतिशय लाडके लेखक होते, त्यांनी 1984 मध्ये या सगळ्याचा शोध घेऊन सत्यकथा लिहिली. पण जगानं उचलली ती 644 चीच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि तुमच्या तिसऱ्या मित्राच्या सूचनेशी थेट भिडणारी.

सादाकोला तिचा आजार सांगितला नव्हता. वडिलांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्तीत जास्त एक वर्ष. तिच्यासमोर तो शब्द कोणी काढत नव्हतं. तिनंही कधी विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र एक कागद सापडला. त्यावर तिनं स्वतःच्या हातानं आपल्या रक्ततपासण्यांचे आकडे उतरवून ठेवले होते. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, तारखांसह. कोणाला न दाखवता.

हे वाचलं तेव्हा मला आमची सतरंजी दिसली. तुझे किती? माझे चारशे.

कोअरबाईंवर अन्याय करणार नाही. त्यांच्या कादंबरीत केंजी नावाचा एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, सादाकोला रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटतो. तो तिला सरळ सांगतो की मी मरणार आहे. नर्स सारवासारव करू पाहते तर म्हणतो, तक्त्यावरचे माझे आकडे मला वाचता येतात. पुस्तकात तो जेमतेम काही पानं आहे आणि मग त्याची खाट रिकामी होते. माझ्या मते ती पानं पुस्तकातली सर्वोत्तम पानं आहेत. पण बघा, काय झालंय. प्रत्यक्षात आकडे वाचणारी, उतरवणारी मुलगी सादाको होती. कादंबरीत ते जाणतेपण तिच्याकडून काढून एका दुय्यम मुलाला दिलं गेलं, आणि नायिकेच्या वाट्याला आशा, हसू आणि सोनेरी कागद आले. हे लेखिकेला कळून झालं की नकळत, मला माहीत नाही. पण जाणणारं मूल बाजूला आणि हसणारं मूल मध्यभागी, ही मांडणी तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या मनात आधीपासून बसलेली आहे. मला आलेलं उत्तर तिथूनच आलंय.

मुलांना माहीत नसतं, हे कोण म्हणतं? मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाच्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत महिनोन्‌महिने बसून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1978 मध्ये आलं. त्यांना आढळलं की कोणी काही न सांगताही मुलं टप्प्याटप्प्यानं सगळं ओळखतात: औषधांची नावं, मग त्यांचे परिणाम, मग आजार उलटतो हे, मग शेवट. आणि ओळखल्यावर गप्प राहतात. का, तर आईबाबांना सोसणार नाही म्हणून. दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, दोन्ही बाजू ठाऊक नसल्याचं नाटक करतात, आणि नाटकाचे नियम मूल मोठ्या माणसांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतं.

मला हे पुस्तकातून कळलं त्याआधी आमच्या जिन्यात कळलं होतं. एका मुलाची आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, त्याला काय सांगू नका हां. त्याला वाटतंय रक्त कमी हाय म्हणून आणलंय." मी मान डोलावली. पुढच्या शनिवारी गोष्ट संपल्यावर तोच मुलगा माझी पिशवी धरून खाली सोडायला आला. त्याच जिन्यात, जवळपास त्याच पायरीवर म्हणाला, "आईपुढं कॅन्सर म्हनू नका. ती रातभर रडती." मग पिशवीत हात घालून त्यानं उरलेले चौकोनी कागद घेतले आणि वर पळाला.

माझ्या गोष्टीतला मुलगा हसत का नाही, असं विचारता ना? तो कामात आहे. त्याला आई सांभाळायची आहे.

आता हिंमतीबद्दल. मराठीत आजारपणाची एक ठरलेली शब्दसामग्री तयार झालीय: झुंज, लढा, योद्धा, मृत्यूशी दोन हात. बातमीपासून श्रद्धांजलीपर्यंत तीच. वॉर्डात तिचं छोटं रूप म्हणजे 'ब्रेव्ह बॉय'. सुई देताना म्हणतात, 'तू शूर आहेस ना, मग रडायचं नाही.' म्हणणाऱ्यांचा दोष नाही, हातात सुई असताना सुचतं ते म्हणावं लागतं. पण या व्याख्येत शूर म्हणजे गप्प. आमच्यातला एक पठ्ठ्या पाठीतल्या इंजेक्शनला इमारत दणाणेल असा ओरडतो, शिव्या देतो, मग बाहेर येऊन डोळे पुसत तिखट चिप्स मागतो, जे त्याला मनाई आहेत. पुढच्या वेळी पुन्हा आपल्या पायांनी आत जातो. तुमच्या मुखपृष्ठावर 'हसतमुखानं आजाराला सामोरा जाणारा चिमुकला' असं छापायचं असेल तर हा मुलगा चालणार नाही. मला दुसरा माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मराठी वाचकाला हे झेपणार नाही. कोणत्या मराठी वाचकाला? सानेगुरुजींच्या 'श्यामची आई'त आई मरते, आणि तीन-चार पिढ्यांनी ते पुस्तक लहानपणीच वाचलंय, आईच्याच मांडीवर बसून. 'तोत्तोचान' आपल्या घराघरांत आहे. त्यातला पोलिओ झालेला यासुआकी-चान, ज्याला तोत्तो खटपट करून झाडावर चढवते, तो पुढे मरतो. त्या प्रकरणावरून कोणी पालक पुस्तक परत घेऊन आल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि 'श्वास'? डोळ्याच्या कर्करोगासाठी कोकणातून आलेला परश्या, त्याचे आजोबा, आणि शस्त्रक्रियेआधी मुलाला सांगितलंच पाहिजे असा आग्रह धरून बसलेला डॉक्टर. अख्खा सिनेमा एवढ्याच प्रश्नावर उभा आहे: मुलाला सांगायचं कसं. सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करला भारताची प्रवेशिका म्हणून गेला, थिएटरं भरली. सिनेमा मुळात माधवी घारपुरे यांच्या कथेवरून आला, म्हणजे लेखणी आधी पोचली होती. पण तो मोठ्यांचा सिनेमा होता, मुलाकडे आजोबांच्या डोळ्यांतून पाहणारा. परश्याच्या बाजूनं लिहिलेलं, परश्याच्या वयाच्या मुलानं वाचावं असं पुस्तक मी तेव्हापासून शोधतेय.

आणखी एक गैरसमज काढून टाकते. मुलगा मेलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. 1955 साली सादाकोला कायमचं बरं करणं कुणाच्याच हातात नव्हतं. आज श्रीमंत देशांत मुलांमधल्या या सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे प्रमाण कमी, कारण मुलं उशिरा पोचतात आणि बरीच उपचार अर्ध्यावर सोडून गावी जातात. पण पूर्ण उपचार घेतलेली, बरी होऊन शाळेत गेलेली मुलंही मी पाहिलीत. आमची मुलं ज्याला 'पिवळं औषध' म्हणतात ते मेथोट्रेक्झेट. त्या कुळातलं पहिलं औषध ज्या अमेरिकी प्रयोगशाळेतून आलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमावरमचे. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते मुलांना दिलं आणि आजार तात्पुरता का होईना मागे हटला, हे 1948 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. ही हकीकत मी सतरंजीवर सांगितली तेव्हा एकानं विचारलं, "त्यांनी ते पिवळंच का केलं?" इतका रोकडा वाचक तुम्हाला कुठे मिळणार आहे?

तेव्हा शेवट काहीही असो. बरा होणारा मुलगाही दोन-अडीच वर्षं उपचारात असतो, आणि त्या दोन-अडीच वर्षांवर मराठीत कोणी लिहीत नाही. गावाकडे आजीपाशी ठेवलेली धाकटी बहीण, जिला भाऊ आजारी पडल्यापासून कोणी विचारत नाही आणि जी मनातल्या मनात म्हणते, मलाही काहीतरी व्हावं. म्हैस विकून आलेला बाप, जो दर रविवारी फोनवर फक्त 'जेवला का' एवढंच विचारतो. वर्गात परत गेल्यावर शेजारी बसायला तयार नसलेला जुना मित्र. केस पुन्हा उगवले ते कुरळे आले म्हणून आरशासमोर तासभर उभी राहणारी मुलगी. उकडलेलं खाऊन कंटाळलेली जीभ. सादाकोनं शेवटच्या दिवशी भातावर चहा घालून मागितला, दोन घास खाल्ले आणि छान लागतोय म्हणाली, असं तिच्या घरचे सांगतात. पिंपरी-चिंचवडहून आलेला आमचा एक गडी रोज संध्याकाळी पाणीपुरीचं वर्णन करतो. नुसतं वर्णन. पुरी फोडण्यापासून. सगळे मास्कच्या आत तोंडं हलवत ऐकतात. हे लिहायला हिंमत वाढवावी लागत नाही, फक्त तिथे बसावं लागतं.

हे पुस्तक आजारी मुलांसाठीच हवं असं समजू नका. त्यांच्यापेक्षा ते शेजारी न बसणाऱ्या मित्राला जास्त हवं आहे.

सादाकोची गोष्ट मी पुढच्या शनिवारी दुरुस्त केली. मुलांना म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, तिचे हजार झाले होते. मागच्या रांगेतली ती मुलगी म्हणाली, "तरी गेली?" म्हटलं, हो. "मग पुढं पण केले?" म्हटलं, हो, लहान लहान. ती काही बोलली नाही. कागद घेतला, चार तुकडे केले, त्यातल्या एकाचे पुन्हा चार. ओठ दाबून घडी घालत बसली. चौथ्या घडीला कागद फाटला. तिनं दुसरा घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मीही काही म्हटलं नाही. गोष्टीबद्दल मुलं जे म्हणतात ते मी वर लिहिलंच आहे. ही घडी घालणं हाही एक अभिप्राय होता, तो तुम्हाला कसा कळवावा हे मला अजून नीट सुचलेलं नाही.

हिरोशिमात तिचं स्मारक आहे, बालदिनी, 5 मे 1958 ला उघडलेलं. तिच्या वर्गमित्रांनी निधी गोळा करायला सुरुवात केली आणि देशभरच्या शाळा त्यात उतरल्या. वर मुलीचा पुतळा, डोक्यावर हात उंचावून पक्षी धरलेला. दरवर्षी तिथे जगभरातून सुमारे एक कोटी कागदी पक्षी येतात म्हणे. त्यात आमचेही तेवीस आहेत. पाठवायचा टपालखर्च पक्ष्यांपेक्षा जड झाला.

हस्तलिखित मी बदललेलं नाही. तिसऱ्या संपादकांनी सुचवलेले दोन बदल वगळता बाकी शुद्धलेखनाच्या सूचना बरोबर होत्या, त्या केल्यात. पुन्हा पाठवते आहे, या वेळी सगळ्यांना. नाकारायचं असेल तर खुशाल नाकारा, पण त्याआधी एखाद्या शनिवारी चार वाजता धर्मशाळेत या. मास्क लावावा लागेल, सर्दी असेल तर तो आठवडा टाळा. खाऊ आणू नका, चालत नाही. घोटीव कागद आणा, पण चौकोन घरूनच कापून आणा, पाच सेंटिमीटरचे. कात्री आत आणलेली चालत नाही, आणि मोठे कागद हल्ली त्यांना नको असतात.

आपली,
शनिवारची गोष्टीवाली